मलिद्याबरोबर वाटलेलं नाव

व्हायोलेट किहीमकर या बाईला विचारून तिच्या घरात कोणी कधी काही केलं नाही, आणि केलेलं अंगाशी आलं की मात्र सगळे तिच्याकडेच धावत. यात नवल नाही. निम्म्या बायकांचा जन्म याच कामात जातो. पण त्या बायकांना ट्रेडमार्कचा कायदा येत नसतो. व्हायोलेटला येत होता.

मुंबईला असताना फोर्टात दोन पारशी भावांच्या कचेरीत ती अकरा वर्षं टायपिस्ट होती. बी.ए. झालेली, इंग्रजी साफ, नजर शिंप्याच्या सुईसारखी. कचेरीचं काम एकच: लोकांच्या मालाची नावं आणि चित्रं सरकारदरबारी नोंदवायची, आणि दुसऱ्या कोणी ती उचलली तर त्याच्या मानगुटीवर बसायचं. साबण, उदबत्ती, केसांचं तेल, विडी. एका विडीवाल्याचा उंट होता. उंट चालला, तशी सहा महिन्यांत बाजारात दोन उंट आले, मग बसलेला उंट, मग पाठीवर बाई घेतलेला उंट. प्रत्येक उंटाचा मालक शपथेवर सांगायचा की त्या पहिल्या उंटाकडे आपण ढुंकूनही पाहिलेलं नाही. अशी शपथपत्रं व्हायोलेटने शेकड्यांनी टाइप केली, आणि त्यातून ती दोन गोष्टी शिकली. माणूस खोटं बोलू लागला की त्याची वाक्यं लांबतात. आणि विडी ओढून संपते, नाव ओढून संपत नाही.

घर कोकणातल्या ज्यूंचं. १९६६ साली नवऱ्याला, नेहेमियाला, पूर्वजांच्या भूमीची ओढ लागली. ओढ त्याला लागली, बांधाबांध हिने केली. पाच वर्षांचा मुलगा, चार ट्रंका आणि कचेरीने निरोपादाखल दिलेला जुना टाइपरायटर घेऊन ती इस्रायलला उतरली. आधी अरादच्या वाळवंटात दोन वर्षं काढली, मग रामल्याला दोन खोल्यांचं घर मिळालं. काम देणाऱ्या सरकारी कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, मुंबईत काय करत होतीस? तिने दहा मिनिटं समजावून सांगितलं: मालाची नावं, लेबलं, नोंदणी, हरकती. कारकुनाने सगळं ऐकून घेऊन फॉर्मवर एकच शब्द लिहिला, लेबलं, आणि पुढच्या रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, तिला खारवलेल्या काकड्यांच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवायला बसवलं. देश नवा होता, सगळ्यांना कामाला लावायचं होतं. कोणाला कुठल्या, हे बघायला सवड नव्हती. व्हायोलेटने चौदा वर्षं लेबलं चिकटवली. शेजारच्या कारखान्याचं लेबल आपल्यासारखंच दिसू लागलंय, असं तिने मॅनेजरला दोनदा लेखी कळवलं. दोन्ही वेळा मॅनेजरने तिचे आभार मानले आणि काकड्यांचा एकेक डबा बक्षीस दिला.

नेहेमियाचं बरं चाललं होतं. मुंबईत तो रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. रामल्याला येईपर्यंत वाटेत कुठेतरी तो ऑफिसर झाला. सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवी, आणि संध्याकाळी आपल्या लोकांत भाषणं करी. बारसं असो, लग्न असो, नेहेमियाचे दोन शब्द ठरलेले, आणि ते दोन शब्द पाऊण तास चालत. वाटणं हा त्याचा मोठा गुण. स्वतःचं नसलेलं वाटायला तर त्याला विशेष आवडे.

मुलगा येहेझकेल. आजोबांच्या नावावरून इझिकेल ठेवलेलं, शाळेने येहेझकेल केलं, मित्रांनी हेझी केलं, आणि शेवटी आईसुद्धा हेझीच म्हणू लागली. फौजेत त्याने रेडिओ दुरुस्त केले, बाहेर येऊन एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात लागला. १९८४ साली त्याने एक घरगुती कॉम्प्युटर आणला, टीव्हीला जोडायचा. तेव्हापासून नेहेमियाच्या बातम्या बुडाल्या. टीव्हीवर दिवसभर चौकोनी ठिपके.

"हे काय रे?" व्हायोलेटने विचारलं.

"मिस्खाक, इमा. गेम." इमा म्हणजे आई; तिने मराठीत विचारायचं आणि त्याने हिब्रूत उत्तर द्यायचं, हा त्या घरातला करार होता. "पण काय करायचं सुचत नाही. सगळे रॉकेटंच उडवतायत."

"मग तू नको उडवू. बैल फिरव."

कोकणात आपले लोक घाणा चालवायचे, तेल गाळायचे, आणि शनिवारी, धर्माने विश्रांतीचा दिवस म्हणून, बैल सोडून ठेवायचे, म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. हे हेझीने लहानपणी जेवताना शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा कान बंद केले होते. या वेळी कसे कोण जाणे, उघडे राहिले. तीन महिन्यांत ठिपक्यांचा बैल झाला. घाण्याभोवती तो फिरतो, वाटेत तीळ आणि खोबरं गोळा करतो, माकडं खोबरं पळवतात, तेलाची घागर भरत जाते. सहा दिवस असं. शुक्रवारी सूर्य खाली जायच्या आत बैल गोठ्यात पोचला पाहिजे. आणि मग येतो शनिवार: पडदा शांत, बैल रवंथ करत तुमच्याकडे बघतोय, आणि तुम्ही एक मिनिटभर कशालाही हात लावायचा नाही. लावला, की घागर उपडी.

हेझीचा फौजेतला दोस्त अव्नेर तेल अवीवहून बघायला आला. अव्नेर माल खपवणारा. कुठला माल, हा प्रश्न त्याला गौण वाटे. त्याच्या शर्टाची वरची तीन बटणं कधी कामाला लागली नव्हती.

"एक मिनिट काहीच नाही करायचं?" त्याने कपाळावर हात मारला. "हेझी, हा गेम आहे की सिनेगॉग?"

पण तो स्वतःच त्या मिनिटात चार वेळा हरला. पाचव्या वेळी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला, जिंकला, आणि ओरडला, "हे विकलं जाईल! आता नाव. ते गाजलेलं पिवळं तोंड आहे ना, ठिपके खाणारं? त्याचंच नाव घेऊ, दोन अक्षरं बदलू. लोकांना वाटेल तेच आहे."

व्हायोलेट स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिला जणू मुंबईचे सगळे उंट एकदम दिसले.

"लोकांना तेच वाटेल, मग पैसे तुमचे जातील आणि नाव कोणाचं मोठं होईल? त्यांचं," ती म्हणाली. हेझीने हिब्रू करून सांगितलं. "आणि उद्या तुमचा दुसरा गेम आला, तर तो कोणाचा म्हणून मागणार? गिऱ्हाईक काय म्हणेल, ते दोन अक्षरं चुकलेलं द्या?"

"मग काय ठेवायचं, गेव्हेरेत?" अव्नेर बाईंना बाई म्हणण्याइतका सभ्य होता.

"शनवार तेली."

"कोणाला कळणार?"

"कोणाला कळत नाही हेच तर चांगलं. 'बैलाचा खेळ' म्हटलंस तर उद्या कोणीही बैलाचा खेळ काढेल आणि तुला काही बोलता येणार नाही. तेलाच्या दुकानाला शनवार तेली म्हणालास तर रामल्यातले सगळे तेली हक्क सांगतील. पण खेळाला हे नाव आजवर कोणी दिलेलं नाही. जे नाव मालाचं वर्णन करत नाही, तेच मालाचं होऊन राहतं."

अव्नेरचं म्हणणं, नावाचं नंतर बघू, आधी कुलूप करू. खेळ तेव्हा टेपच्या कॅसेटवर विकला जाई; तिची नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्रामलाच कुलूप. दोघांनी त्यात सात आठवडे घातले. त्या काळी प्रोग्रामला कायद्याने पुस्तक म्हणायचं की यंत्र, यावर वकिलांचंच एकमत नव्हतं, त्यामुळे कुलूप ही कल्पना अगदीच वेडगळ नव्हती. ते उघडायला होलोनच्या शाळेतल्या पोरांना चार दिवस लागले.

व्हायोलेटने त्या सात आठवड्यांत दुसरं काम केलं. यरुशलेमला बसने जाऊन ट्रेडमार्क रजिस्ट्रारच्या कचेरीतून फॉर्म आणला. फॉर्म हिब्रूत होता, पण शब्दकोश घेऊन वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की याला आपण ओळखतो. मुंबईचा कायदा आणि इथला कायदा एकाच इंग्रज शिंप्याने शिवलेला; कापड बदललं, काजं तीच. तिने हेझीला विचारलं, "अर्जदार म्हणून कोणाचं नाव?"

हेझी कुलपात गुंतलेला. "तुझंच टाक, इमा. बेसेदेर, ठीक आहे. आम्हांला काय करायचंय त्या कागदाचं?"

तिने आपलं टाकलं. हेझीची सही घेतली, तारखेसकट. सहीशिवाय तिने आयुष्यात फक्त लग्न केलं होतं, आणि त्याचा अनुभव घेतला होता.

आता या लोकांची एक रीत आहे. नवं काही सुरू करायचं की एलियाहू हनाबी या प्रेषिताला मलिदा. गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, पाच फळं, वर गुलाब. मोठ्या ताटात रचायचं, गाणं म्हणायचं, आणि आलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायचं. कोणाला वगळायचं नाही. रीत सुंदर आहे. तिच्यात भाषणाची सोय नाही, ती नेहेमियाने करून घेतली.

सत्तर माणसं घरात, जिन्यात आणि खालच्या अंगणात दाटलेली. नेहेमिया खुर्चीवर उभा राहिला. "हा खेळ माझ्या इझिकेलने केला असेल," तो म्हणाला, "पण नाव? नाव माझं नाही, त्याचं नाही. नाव आपल्या सगळ्यांचं! आपले सगळे तेलीच होते की नाही? मग घ्या! ज्याला पाहिजे त्याने हे नाव घ्यावं, मलिद्यासारखं!"

टाळ्या पडल्या. व्हायोलेट ताटातली केळी कापत होती. सुरी थांबली.

"अहो," ती पुढे जाऊन हळू म्हणाली, "खाली उतरा."

"दोन शब्द राहिलेत, व्हायोलेट."

"ते दोन शब्द बोलायच्या आधी उतरा."

उतरला, पण बाण सुटला होता. आठ दिवसांत पहिला माणूस आला, नेहेमियाचा मामेभाऊ नाथान. रामल्याच्या बाजारात त्याची बटाट्याच्या चिप्स तळायची गाडी होती. "भाऊ, तुम्ही म्हणालात ते लेखी द्या ना. पाटी रंगवायचीय." मग क्रिकेटच्या पोरांचा कप्तान आला, त्याला टोप्यांवर छापायचं होतं. मग लग्नातला बँडवाला. नेहेमियाची छाती फुगत गेली. मुंबईच्या मोठ्या साहेबासारखी परवानगीची पत्रं द्यायची, इंग्रजीत, खाली लफ्फेदार सही! टाइप कोण करणार? घरात टायपिस्ट होती.

व्हायोलेट टाइप करी, तो सही करी. वाचायचा प्रश्न नव्हता. साहेब कधी टायपिस्टचं वाचतो? नाथानलाही इंग्रजी बेताचंच. त्याला वरचं ठळक नाव आणि खालची सही दिसली, पोट भरलं. व्हायोलेटने प्रत्येक पत्राची कार्बन प्रत फाइलला लावली. त्याच फाइलमध्ये खेळाची पहिली खोकी, पहिली जाहिरात, दुकानदारांची पत्रं, सगळं तारखेनुसार होतं. हेझी हसायचा. "इमा रद्दी गोळा करतेय."

खेळ चालला. का चालला, तर त्या एका मिनिटामुळे. पोरं हात बांधून बसत, भावंडं गुदगुल्या करत, घागर उपडी होई, किंचाळ्या. शनिवार पाळायला लावणारा खेळ म्हणून धार्मिक आयांनी घेतला, आणि शनिवार मोडायची मजा देणारा म्हणून बाकीच्यांनी. बेर्शेवापासून हैफापर्यंत दुकानांत लोक तो नाव घेऊन मागू लागले. नाव सगळ्यांना वेडंवाकडं उच्चारता येई, पण यायचं. शाळेशाळेत नकलाही होत होत्या. अव्नेर दात खाई.

"पोरांना करू दे," व्हायोलेट म्हणे. "पोरगं मित्राला नक्कल देतं तेव्हा सांगतं ना, ही शनवार तेलीची आहे? मग ते आपलंच काम करतंय. भीती पोराची नाही. खोकं छापणाऱ्याची."

खोकं छापणारा निघालाच. तेल अवीवच्या जुन्या बसस्थानकाजवळ शिमोन नावाच्या कॅसेटवाल्याने "शनवार तेली २" काढला. खोक्यावर तसाच बैल, फक्त तोंड डावीकडे. आत भलताच खेळ: बैलाच्या जागी एक ठोकळा, तो खेळातल्या दुसऱ्याच दिवशी भिंतीत अडकून बसे आणि कॉम्प्युटर बंद करावा लागे. महिन्याभरात रामल्याच्या पत्त्यावर तक्रारी येऊ लागल्या. नेतिवोतच्या एका बाईने लिहिलं होतं, पहिला खेळ माझ्या मुलाने रात्रंदिवस खेळला, दुसरा घेऊन तो रडला. तुम्हांला लाज नाही का? पुन्हा तुमच्या नावाचं काही घरात आणणार नाही.

व्हायोलेटने ते पत्र हेझीपुढे ठेवलं. तो तेव्हा खरा दुसरा भाग लिहीत होता. वाचून त्याचा चेहरा उतरला.

"पण हा माझा नाहीच!"

"तिला कसं कळणार? तिला एकच खूण माहीत आहे, नाव. तू वर्षभर बसून सोनं केलंस तरी ते आता या नावाखाली कोणी घेणार नाही. आणि नवं नाव घेतलंस तर पुन्हा शून्यापासून."

हेझीने ते पत्र पुन्हा एकदा वाचलं. मग कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याने आईला मराठीत विचारलं, "मग काय करायचं?"

करायचं ते आधीच सुरू झालं होतं. अर्ज सरकारी पत्रिकेत छापून आला होता. कोणाची हरकत असेल तर तीन महिन्यांत सांगा, असा नियम. शिमोनने हरकत घेतली. म्हणणं असं की हे नाव एका जमातीचं, कोणाच्या बापाचं नाही. आणि मला तर रीतसर परवानगी आहे. पुराव्याला जोडली होती नाथानच्या पत्राची फोटोकॉपी.

व्हायोलेट त्याच दुपारी बाजारात गेली. नाथान झाऱ्याने चिप्स उपसत होता.

"नाथान, पत्र कोणाला दिलंस?"

"एक जण आला होता, वहिनी. भला माणूस. चहा पाजला मला, एक कॅसेटचा रेडिओ दिला. म्हणाला, तुम्हांला मिळालंय त्यातलं थोडं मला द्या. दिलं. मलिदा कोणी एकट्याने खातो का? पुढच्याच्या हातावर ठेवायचाच ना?"

जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही बाजारात माणूस नाव चोरेल, विकेल, गहाण टाकेल. गोड पोह्यांसारखं पुढच्याच्या हातावर ठेवणारा फक्त हाच. "चिप्स जळतायत," एवढंच म्हणून ती परतली.

सुनावणीच्या आठवड्यात हेझीला राखीव फौजेचं बोलावणं आलं. अव्नेरला ऐन वेळी फार महत्त्वाचं गिऱ्हाईक भेटलं. अव्नेरची महत्त्वाची गिऱ्हाइकं नेहमी अशाच दिवशी भेटत. उरला नेहेमिया, तो कोट घालून तयार होता, कारण तिथे आपल्याला बोलावं लागेल अशी त्याला आशा होती.

यरुशलेमच्या त्या खोलीत एक म्हातारा अधिकारी बसला होता, इंग्रजांच्या काळापासून त्याच खुर्चीच्या आसपास वाढलेला. एका बाजूला शिमोन, घामट, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याच्याशेजारी त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला व्हायोलेट, साडी, वर कारखान्याचा स्वेटर, मांडीवर फाइल. नेहेमिया मागच्या बाकावर.

वकिलाची वाक्यं लांब होती. व्हायोलेटने मनात नोंद केली. या बाईंच्या जमातीत, तो म्हणाला, जिचा इतिहास शतकानुशतकं मागे जातो, हे नाव असं आहे की ज्यावर कोणा एका व्यक्तीने, मग ती कितीही आदरणीय महिला असो... अधिकाऱ्याने हात वर केला आणि व्हायोलेटकडे पाहिलं. "हिब्रू येतं?"

"डबे मोजण्यापुरतं," ती म्हणाली. "इंग्रजी चालेल?"

म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या. "चालेल."

ती उठली. "साहेब, आम्ही तेली होतो हे खरं. तेलाला हे नाव कोणी लावलं तर मी हरकत घेणार नाही, उलट तेल घेईन. पण आमच्या जमातीने शतकानुशतकं कॉम्प्युटरचे खेळ गाळलेले नाहीत. हे नाव खेळाला पहिल्यांदा कोणी लावलं, कधी लावलं, त्याची खोकी, जाहिराती, पत्रं तारखेसह इथे आहेत. या गृहस्थांचं पहिलं खोकं त्यानंतर पंधरा महिन्यांनी निघालं. बैलाने फक्त मान वळवलीय."

अधिकाऱ्याने दोन्ही खोकी शेजारी ठेवून पाहिली. खाकरला. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

"फोर्टात. विड्यांवर."

वकील घाईने उठला. "पण परवानगी! या बाईंच्या यजमानांनी स्वतः जाहीर सभेत हे नाव सगळ्यांना दिलं, आणि लेखी दिलं! सही त्यांचीच आहे, ते मागे बसलेत!"

नेहेमिया उठून किंचित वाकला. त्याला वाटलं आता आपलं.

अधिकाऱ्याने फोटोकॉपी घेतली, चष्मा लावला, आणि इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचला. "'शनवार तेली हे नाव माझी पत्नी श्रीमती व्हायोलेट किहीमकर हिच्या मालकीचं आहे, हे मी मान्य करतो. तिच्या संमतीने, ती काढून घेईपर्यंत, श्री. नाथान यांना हे नाव फक्त तळलेल्या बटाट्यांसाठी वापरता येईल. खेळ, कॅसेट किंवा कॉम्प्युटर यांसाठी वापरता येणार नाही. ही परवानगी दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.' सही, नेहेमिया किहीमकर." त्याने चष्म्यावरून वकिलाकडे पाहिलं. "हा कागद तुम्ही जोडलाय?"

वकिलाने शिमोनकडे पाहिलं, शिमोनने किल्ल्यांकडे. कोणीच वाचलं नव्हतं. सही होती, ठळक नाव होतं. मधलं काय, तर कुठल्यातरी टायपिस्टची टकटक.

मागच्या बाकावर नेहेमिया अजून उभाच होता. बसावं की उभं राहावं, हे त्याला कळेना. आपण आपल्या हाताने, लफ्फा काढून, बायकोला मालकीण केलं आणि ते सरकारी खोलीत मोठ्याने वाचलं गेलं, हे गळी उतरायला त्याला वेळ लागत होता.

निकाल तीन आठवड्यांनी आला. हरकत फेटाळली, नाव नोंदलं गेलं. शिमोनला एक कडक पत्र गेलं. ते कोणी टाइप केलं हे सांगायला नको. त्याने मुकाट्याने खोकी उचलली, आणि पुढच्या महिन्यात कोणा दुसऱ्याचं कोंबडं छापून विकू लागला. ज्याचा धंदाच दुसऱ्याचा उंट उचलण्याचा, त्याला कोणता उंट याचं सुतक नसतं. नेतिवोतच्या बाईला व्हायोलेटने खरं काय ते कळवलं आणि खऱ्या खेळाची कॅसेट पाठवली. नेहेमिया चार दिवस गप्प होता. पाचव्या दिवशी लोकांना सांगू लागला, "मी वेळेवर सही केली म्हणून जिंकलो."

खरी परीक्षा त्यानंतर आली, आणि ती घरातूनच.

हनुक्काच्या सणाला पाच आठवडे होते. पोरांना भेटी द्यायचे दिवस. दुकानदार दुसरा भाग मागत होते. अव्नेर कॅसेट घेऊन उगवला. निकालापासून तो "आपण केस जिंकलो" असं म्हणत असे. "झालं तयार! उद्या छपाईला देतो. गेव्हेरेत, तुमची सही हवी, नाव तुमचं ना."

"आधी बघू," व्हायोलेट म्हणाली, आणि टीव्हीपुढच्या खुर्चीत बसली. खेळ चालवायचा काठीसारखा दांडा हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदा ती खेळत होती. खेळातल्या तिसऱ्या दिवशी माकड खोबऱ्यासकट घाण्याच्या आरपार गेलं. पाचव्या दिवशी घागर भरूनही रिकामी दिसली. शुक्रवारी बैल गोठ्यात शिरला तो बाहेर आलाच नाही. शनिवार आला, पण बैलाशिवाय. ती मिनिटभर रिकाम्या दावणीकडे बघत बसली.

"हेझी?"

"राखीव फौजेतून आल्यावर वेळच नाही मिळाला, इमा," हेझी जमिनीकडे बघत म्हणाला. "नीट करायला चार-पाच महिने लागतील."

"कशाला नीट करायचं?" अव्नेर उसळला. "नाव आपलं झालंय ना आता? सरकारी शिक्क्यासकट! आता आत काहीही घाला, नावावर विकलं जाईल!"

"शिमोन हेच म्हणत होता," व्हायोलेट म्हणाली.

अव्नेर लाल झाला. "तुम्ही आमच्या बाजूच्या आहात की नाही?"

"मी नावाच्या बाजूची आहे. दुसऱ्याने बिघडवू नये म्हणून मी ते यरुशलेमला नेलं. घरच्यांनी बिघडवावं म्हणून नाही. कागद शिमोनला थांबवतो. तुला थांबवायला कागद नाही, म्हणून मी बसलेय."

"तुम्ही टायपिस्ट! तुम्हांला धंदा काय कळतो?"

हेझीने मान वर केली. "अव्नेर," तो शांतपणे म्हणाला, "सही ती करते."

पुढे काही वर्षांत कॅसेटी गेल्या, डिस्का आल्या; तो टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर भंगारात गेला. हेझीने नव्या यंत्रांसाठी सगळं पुन्हा लिहिलं, दोनदा. पहिल्या प्रोग्रामातली एक ओळ शिल्लक राहिली नाही, कुलूप तर कोणाला आठवतही नाही. दुकानात लोक मागत तेच, तेच वेडंवाकडं उच्चारलेलं नाव. अव्नेर सगळीकडे सांगत असे की नावाची कल्पना त्याची.

पण त्या दिवशी तो दार आपटून गेला. व्हायोलेटने टाइपरायटर ओढला, कार्बन घातला आणि चुका लिहायला घेतल्या. एक: माकड. दोन: घागर. हेझी शेजारी बसून सांगत गेला, ती टाइप करत गेली, एकोणतीस झाल्या. फोन वाजला. तेल अवीवचा दुकानदार, हनुक्काचा माल कधी पाठवता?

"ओद लो मुखान," ती म्हणाली. अजून तयार नाही. आणि फोन ठेवून तिने तिसावी चूक विचारली.